सड्यावरची पीएचडी: महिने नाही, पावसाळे मोजायचे

कोकणातल्या सड्यांवरच्या वनस्पतींवर मी पीएचडी केली आणि फेब्रुवारी २०२५ पासून त्याच विषयात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करतेय. गेल्या दोन महिन्यांत तीन मुलींनी फोन करून जवळजवळ तेच प्रश्न विचारले, की परवानगी कुणाची घ्यायची, प्लॉट किती टाकायचे, फेलोशिप संपली की काय करायचं. मला सुरुवातीला हे सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तारखा आणि खर्चासकट एकदा सगळं लिहून काढतेय.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार, रत्नागिरी-सिंधुदुर्गात समुद्रापासून थोडं वर चढलं की लागतं. मे महिन्यात नुसता काळपट कातळ, उभं राहिलं तर चपलेतून चटका बसतो. जूनचे पहिले पंधरा दिवस झाले की हिरवा होतो, ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू सगळं एकदम फुलतं, आणि ऑक्टोबर संपेपर्यंत परत दगड. म्हणजे कामाला वर्षातून जेमतेम चार महिने मिळतात. विद्यापीठ महिने मोजतं, फेलोशिपवालेही महिने मोजतात, पण या विषयात आपण पावसाळे मोजायचे. पाच वर्षं म्हणजे पाच पावसाळे, त्यातला पहिला शिकण्यात जातो आणि शेवटचा लिहिण्यात, हातात उरतात तीन. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

डिसेंबर २०१७ ला नेट परीक्षा दिली, जेआरएफ (दरमहा मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) मिळाली, ऑगस्ट २०१८ ला पीएचडीला नाव नोंदवलं. तेव्हा फेलोशिप २५ हजार होती, जानेवारी २०१९ पासून ३१ झाली. पहिले सहा महिने कोर्सवर्क, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त संख्याशास्त्राचे तास बुडवू नका आणि आर ही आकडेमोडीची संगणक भाषा शिकायला तेव्हाच सुरुवात करा, नंतर डेटा हातात आल्यावर शिकायला बसलं की दोन्ही अर्धवट होतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आरएसी, म्हणजे संशोधन सल्लागार समितीसमोर प्रपोजल मांडलं. दोन सडे, प्रत्येकावर साठ क्वाड्रॅट (वनस्पती मोजायला आखलेले चौकोनी प्लॉट), एकूण एकशे वीस, मला वाटलं आकडा भरपूर आहे. बाहेरून आलेल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "अगं, तुझे क्वाड्रॅट एकशे वीस असतील, पण सडे दोनच आहेत ना?" मला उत्तर देता आलं नाही. एका सड्यावरचे साठ चौकोन एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, त्यांच्यावर तोच पाऊस पडतो, तीच गुरं चरतात, तोच मालक असतो. सड्या-सड्यांतला फरक बोलायचा असेल तर एन, म्हणजे स्वतंत्र नमुन्यांची संख्या, सड्यांची धरायची, चौकोनांची नव्हे. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्टचा १९८४ चा पेपर आहे त्यावर, विषय कुठलाही असो पहिल्या सेमिस्टरला वाचाच. त्या दिवशी घरी येऊन रडले पण ती मीटिंग झाली नसती तर पाच वर्षांनी परीक्षकाने तोच प्रश्न विचारला असता आणि तेव्हा काहीच दुरुस्त करता आलं नसतं. मग सहा सडे आणि प्रत्येकी वीस क्वाड्रॅट असं ठरलं. क्वाड्रॅट तेवढेच, पण गावं सहा, म्हणजे परवानग्या सहापट.

आता परवानग्यांचं. सहातला एक सडा राखीव वनात होता, त्यासाठी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात अर्ज. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिला, पत्र हातात आलं मेच्या शेवटी, अकरा आठवडे. त्यातले तीन आठवडे माझ्यामुळे गेले कारण अर्जाला नकाशा आणि जीपीएसचे आकडे जोडले नव्हते. गाईडचं पत्र, विद्यापीठाचं बोनाफाईड, नकाशा, काय गोळा करणार आणि किती, काम कधी संपणार, शेवटी अहवाल देऊ असं लिहून, हे सगळं पहिल्याच वेळी जोडा. "वनस्पतींचे नमुने" असं मोघम लिहू नका, "प्रत्येक प्रजातीचे दोन ते तीन नमुने, हर्बेरियमसाठी" असं लिहा (हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह). अभयारण्य असेल तर अर्ज वर नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो, त्याला अजून वेळ धरा. आणि नमुने परदेशातल्या लॅबला पाठवायचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचं आधी बघा, मी त्या वाटेला गेले नाही, सगळं इथेच केलं.

बाकी पाच सडे खाजगी. वाटलं होतं हे सोपं जाईल. सात-बारा ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचा पंधरा रुपयांना. पहिलाच काढला तर त्यावर त्रेचाळीस नावं! सामायिक जमीन, निम्मे हिस्सेदार मुंबईला, काही वारलेले, वारस लागलेले नाहीत. क्षेत्र सगळं पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य अशी नोंद. मी सगळ्यांच्या सह्या आणायच्या म्हणून घाबरून बसले होते, तेव्हा गावातल्या सरपंचताई म्हणाल्या, "ताई तुम्ही शिमग्याला या, पालखीला सगळे असतात." खरंच, मार्चमध्ये शिमग्याला दोन दिवसांत जेवढी माणसं भेटली तेवढी महिनाभर फोन करून भेटली नव्हती. जे उरले ते गणपतीत. सगळ्यांच्या सह्या काही लागल्या नाहीत, जमीन बघणाऱ्या दोन-तीन जणांचं संमतीपत्र आणि ग्रामपंचायतीचं पत्र एवढ्यावर काम झालं, पण भेटले सगळ्यांना. काय करणार, किती दिवस येणार, जमिनीला काही होणार नाही, हे समोर बसून सांगितलं. माझ्या पाठोपाठ सरकार येऊन ही जमीन घेईल का, हा प्रश्न प्रत्येक गावात आला. त्याचं उत्तर मी प्रत्येक वेळी खरं दिलं, की मी विद्यार्थिनी आहे, माझ्या हातात असलं काही नाही, आणि जे सापडेल ते आधी तुम्हाला दाखवेन.

जून २०१९, पहिला पावसाळा. गावात खोली महिना दीड हजार, खानावळ नाही म्हणून शेजारच्या काकूंकडे डबा, जुनी स्कूटी, पेट्रोल महिन्याला साधारण तीन हजार. वर्षाची कंटिन्जन्सी, म्हणजे कामाच्या खर्चाला मिळणारे पैसे, वीस हजार होती, ती दुसऱ्या महिन्यात संपली. सामान फार लागत नाही. पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा चौकोन, चार पाइप चार एल्बो, साडेतीनशे रुपये, चिकटवायचा नाही म्हणजे सुटा करून पाठीवर नेता येतो. पेन पावसात चालत नाही, पेन्सिल चालते. मातीची खोली मोजायला कुठलंसं महागडं यंत्र शोधत होते, शेवटी आईची विणायची सुई घेतली आणि त्यावर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरला नेलपॉलिशच्या खुणा केल्या. प्रत्येक चौकोनात नऊ ठिकाणी सुई टोचायची, दगडाला टेकली की वाचायचं.

त्या सुईने मला सडा दाखवला असं म्हणते मी. उभं राहून बघितलं तर सगळं सारखंच हिरवं, पण गुडघ्यावर बसून सुई टोचत गेलं की एका मीटरमध्ये चार जागा निघतात. एका कोपऱ्यात दीड सेंटिमीटर माती, तिथे सीतेची आसवं आणि गेंदाची टाचणीएवढी डोकी. हातभर पुढे चार सेंटिमीटर, तिथे गवत सुरू. मध्ये भेग, तिच्यात दिपकाडीचा कंद, जूनमध्येच पांढरी फुलं येऊन गेलेली. आणि कडेला तळहाताएवढा खळगा, पाणी साठलेलं, त्यात वेगळीच मंडळी. माझा पुढचा अख्खा थीसिस या दोन-तीन सेंटिमीटरच्या फरकावर उभा आहे.

ओळख पटवणं हे वेगळंच काम. गेंदाच्या, म्हणजे इरिओकॉलॉनच्या जाती फिल्डवर बघून सांगता येत नाहीत, फुलांचे भाग आणि बियांवरची नक्षी मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. पण पहिल्या वर्षी मी फुलात नमुने घेतले आणि बिया नव्हत्या, निम्म्यांची नावं लागलीच नाहीत. तेव्हा सप्टेंबर अखेर एक फेरी फक्त बियांसाठी ठेवा. नमुने वाळवणं पावसात फार अवघड, पहिली बॅच पूर्ण बुरशीने गेली. मग लाकडी खोक्यात साठचा बल्ब लावला, पहिले तीन दिवस कागद सकाळ-संध्याकाळ बदलले, रद्दी गावातून किलोने घेतली. सीतेची आसवं दाबली की नुसता जांभळा डाग उरतो, ती छोट्या बाटलीत सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. शीट तयार झाल्या की पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममध्ये ताडून बघायला गेले. जाण्याआधी गाईडचं पत्र पाठवून वेळ घ्या, आणि तीन दिवस धरून जा, एका दिवसात काही होत नाही.

मग २०२०. मार्चला लॉकडाऊन लागला तेव्हा मला वाटलं जूनपर्यंत उघडेल. उघडलं नाही, गावात बाहेरच्यांना बंदी होती आणि ती बरोबरच होती. अख्खा पावसाळा मी घरी खिडकीतून पाऊस बघत काढला, या पाच वर्षांतला सगळ्यात वाईट काळ तो. जुलैत एका गावातल्या बारावीतल्या मुलाचा फोन आला, ताई तुमच्या चौकोनात फुलं आलीत, फोटो पाठवू का? त्यातून एक काम उभं राहिलं. त्याने आणि त्याच्या बहिणीने चार महिने दर रविवारी वीस चौकोनांचे फोटो काढले, शेजारी फूटपट्टी ठेवून. एक गोष्ट आम्ही उशिरा शिकलो, व्हॉट्सॅपवर फोटो म्हणून पाठवला की बारीक होतो आणि तारीख जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. दोघांना मी दर आठवड्याला पैसे पाठवत होते, तुम्हीही द्या, मदत म्हणून फुकट करून घेऊ नका. कुठल्या आठवड्यात काय फुललं हा थीसिसमधला चौथा चॅप्टर त्या फोटोंवर आहे आणि पेपरवर दोघांची नावं आहेत.

त्याच काळात दोन वर्षं झाली म्हणून जेआरएफवरून एसआरएफ, म्हणजे ज्युनियरवरून सीनियर फेलो, होण्याची मीटिंग ऑनलाइन झाली. कागद एका ऑफिसात अडकले आणि सात महिने फेलोशिप आली नाही. दादाकडून साठ हजार घेतले. यावर उपाय मला माहीत नाही, एवढंच सांगते की पहिल्या वर्षीच चार महिन्यांचा खर्च बाजूला काढा आणि प्रत्येक कागदाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. माझं काम शेवटी त्या पोचेमुळे हललं.

२०२१ चा पावसाळा पूर्ण मिळाला. २२ जुलैला चिपळूणला पूर आला, कोकण रेल्वे थांबली, मी खाली राजापूर तालुक्यात होते आणि पाच दिवस तिथेच अडकले. फिल्डवर जाताना घरच्यांकडे गावातल्या दोन माणसांचे नंबर देऊन ठेवा, रेंज नसते. आणि विजा चमकायला लागल्या की सड्यावर थांबू नका, तिथे सगळ्यात उंच वस्तू आपणच असतो. किती का क्वाड्रॅट राहिले असोत, खाली उतरा.

९ जून २०२२ ला चौथ्या सड्यावर गेले. वही-चौकोन घेऊन नेहमीच्या पायवाटेने वर चढले आणि समोर सडाच नव्हता. म्हणजे निम्मा होता. बाकीच्या जागी सरळ कापलेला खड्डा, पायऱ्या-पायऱ्यांचा, चिऱ्याच्या, म्हणजे बांधकामाला कापतात त्या जांभ्याच्या विटेच्या मापाने, कडेला चिरे रचलेले आणि तळाला लाल पाणी साठलेलं. माझ्या वीसपैकी अकरा प्लॉट त्या खड्ड्यात होते. जीपीएस हातात घेऊन मी कडेने फिरत राहिले, आकडे दाखवत होते की अजून सहा मीटर पुढे, आणि पुढे काही नव्हतं.

ज्यांची जमीन त्या काकांकडे गेले. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "बाय, पोरीचं लगीन होतं. सड्यावर गवताशिवाय काय होतंय? चिरा तेवढा विकला जातो." मी काय बोलणार? जमीन त्यांची, मला तीन वर्षं तिथे फिरू दिलं, एक पैसा घेतला नाही. पण मी त्या दिवशी खोलीवर येऊन वहीत काहीच लिहू शकले नाही. कातळ परत तयार होत नाही. आंब्याची बाग लावायला सुरुंग लावून फोडतात तेही तसंच. सात-बारावर "पोटखराबा" लिहिलंय तोवर त्या जमिनीत काही आहे असं कागदावर कुणालाच दिसत नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं, आणि म्हणूनच प्रजातींच्या याद्या साध्या मराठीत करून सहाही ग्रामपंचायतींना आणि त्यांच्या जैवविविधता समित्यांना दिल्या, नोंदवहीत लावा म्हणून. दोन ठिकाणी लावल्या.

डेटाचं काय? गाईडनी धीर दिला, उरलेले नऊ चौकोन त्या वर्षीही मोजले, तुटलेले तसे नोंदवले, आणि आकडेमोडीच्या मॉडेलमध्ये सडा हा रँडम इफेक्ट ठेवला, म्हणजे प्रत्येक सड्याचा वेगळेपणा मॉडेलमध्येच धरला, की असमान आकडे चालतात. हे थीसिसमध्ये लपवलं नाही, नकाशासकट लिहिलं. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला.

पेपरचं थोडक्यात. माझी नोंदणी २०१६ च्या युजीसी नियमांखाली होती, त्यात सबमिशनआधी एक पेपर लागायचा, २०२२ च्या नियमांत ती अट काढली, तुमची नोंदणी कधीची ते बघा. पहिल्या जर्नलने नऊ दिवसांत परत पाठवला, रिव्ह्यूला गेलाच नाही. दुसऱ्याने साडेपाच महिने घेतले, मग मोठ्या दुरुस्त्या, मग अजून तीन महिने. एक रुपया लागला नाही. आठ दिवसांत छापून देतो, पैसे भरा, असे मेल येतात, घाईत असताना मोह होतो, नका करू.

फेलोशिप ऑगस्ट २०२३ ला संपली. शेवटचे काही महिने ४२ हजार येत होते, मग शून्य. लिहायचं निम्मं बाकी. सप्टेंबर ते मार्च मी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलं, सकाळी तास आणि दुपारी थीसिस. पावसाळा २०२३ चा डेटा घेण्याचा हट्ट धरला नसता तर हे सात महिने वाचले असते, ती फेरी नसती केली तरी थीसिसचं काही बिघडलं नसतं. साम्य तपासणीत, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललाय का ते बघतात त्यात, पहिल्यांदा २३ टक्के आलं, मी हादरले, मग कळलं संदर्भयादी आणि माझाच छापलेला पेपर मोजला गेला होता. ते वगळून ८ आलं, मर्यादा १० ची. सबमिशन फी, रंगीत पानं, बाइंडिंग धरून साधारण अठरा हजार लागले. रंगीत नकाशे कमी करा, प्रत्येक प्रतीला पैसे लागतात.

मार्च २०२४ ला सबमिट केला. एका परीक्षकांचा अहवाल दोन महिन्यांत आला, दुसऱ्यांचा साडेसहा. या काळात काहीच करता येत नाही, मी दर पंधरा दिवसांनी विभागात नम्रपणे विचारत राहिले एवढंच. व्हायवा नोव्हेंबरात झाला. आईबाबा आले होते, आणि तो फोटो काढणारा मुलगा, आता तो बीएस्सीला आहे.

पोस्टडॉकसाठी सबमिशननंतर लगेच लिहायला सुरुवात केली होती. चौदा जणांना मेल, पाच उत्तरं, दोन मुलाखती. सुरुवातीचे मेल "मला आपल्या लॅबमध्ये काम करायची इच्छा आहे" असे होते, त्यांना कुणी उत्तर दिलं नाही आणि आता कळतं का. नंतर मी एकच प्रश्न लिहायला लागले, की आठ महिने तापलेल्या कातळावर दोन सेंटिमीटर मातीत बिया जिवंत कशा राहतात आणि कितीपत, आणि तो तपासायला काय करेन ते चार ओळीत. उत्तरं त्याच मेलना आली. एका फेलोशिपचा अर्ज नाकारला गेला, मग प्रोजेक्टमध्ये रिसर्च असोसिएट म्हणून निवड झाली, पहिल्या पायरीला ५८ हजार आणि घरभाडं. जॉइन व्हायला प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लागलं, ते जानेवारीत मिळालं, व्हायवाच्या दिवशीच त्याचा अर्ज भरून टाका. १० फेब्रुवारी २०२५ ला रुजू झाले.

आता कामाला माती लागते, आणि ती पाऊस पडायच्या आधी, कोरडी. मी २० मे ते ५ जून असं ठरवलं होतं. २०२५ ला मान्सून २५ मे ला कोकणात दाखल झाला, त्याआधीच चार-पाच दिवस पाऊस जोरात पडत होता. सहापैकी दोनच सड्यांची माती कोरडी मिळाली. पुढच्या वर्षी एप्रिललाच जाणार.

माती नेटहाऊसमध्ये ट्रेमध्ये पातळ पसरायची, रोज पाणी, जे उगवेल ते मोजायचं. ट्रे लावताना जुन्या सामानात २०१९ च्या मातीच्या कागदी पिशव्या सापडल्या, पीएच मोजून उरलेली माती, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळलेली. त्यातली एक चौथ्या सड्याची, प्लॉट सात, म्हणजे जो आता खड्ड्यात आहे. ती डेटात धरता येणार नाही, सहा वर्षं खोक्यात पडून होती, तरी एका छोट्या ट्रेमध्ये लावली. एकोणिसाव्या दिवशी तीन रोपं दिसली, केसाएवढी. सप्टेंबरात त्यातल्या दोघांना पांढरी डोकी आली, गेंदच आहे. जात अजून लागलेली नाही, बिया पिकायची वाट बघतेय.